सखुबाईच्या नावाचा पंखा

गोटीराम मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. माणूस किरकिरा. मी गावातला एकुलता एक पेंटर. काळू पेंटर म्हटलं की सायखेड्यापर्यंत लोक ओळखतात. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, निवडणुकीच्या भिंती, सगळं माझ्या हातचं, आणि आजवर कुणी नाव ठेवलं नाही. गोटीराम मात्र ताज्या पाटीपाशी थांबायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "हितं रंग पातळ पडला बघ." एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण रंग कुठे पातळ पडला ते कळायचं. असल्या माणसाला कोण जवळ करील?

तोंडावर आम्ही त्याला नाना म्हणायचो आणि पाठीमागे गोट्या. पंधरा गुंठे जमीन, त्यात शेवंती आणि झेंडू. पहाटेच्या एसटीनं फुलं नाशिकच्या बाजारात न्यायची, दुपारी रिकाम्या टोपल्या घेऊन परत. घरात दोघंच, तो आणि सखुबाई. लग्नाला तीस वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. गावानं सखुबाईला काय काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. बारशाला तिला बोलावणं असायचं ते भांडी घासायला. पाळण्यात नाव ठेवायची वेळ झाली की कुणीतरी तिला पाणी आणायला पिटाळायचं. तिला कळायचं, आणि ती हंडा उचलून जायची.

आता घाटाचं सांगतो. आमच्या भागात दहावा म्हणजे लग्नाएवढं मोठं काम. नदीच्या पायऱ्यांवर चारी बाजूंनी उघडी अशी पत्र्याची शेड आहे. तिथे क्षौर, पिंडदान, मग महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं, आणि शेवटी माइकवरून जाहीर करायचं की अमक्याच्या स्मरणार्थ शेडला अमकी वस्तू भेट. नव्वद सालाच्या पुढेमागे पंख्याची टूम निघाली. पंखा सगळ्यांत हलका घ्यायचा आणि पात्यांवर नाव सगळ्यांत मोठं लिहून घ्यायचं. त्यात माझं बरं चाललं होतं.

पण घाटावरची हवा पंख्याला सोसत नाही. खालच्या बंधाऱ्याचं पाणी बारा महिने आमच्या पायऱ्यांना लागून तुंबलेलं. ओली धोतरं, ओली डोकी, आणि पहाटे पत्र्याला घाम सुटून सगळीकडे थेंब गळतात. दोन पावसाळे गेले की पंखा खलास. पाती गंजून खाली लोंबायची. शहाण्णव सालापर्यंत तिथे नऊ पंखे झाले होते, आणि त्यातला एकही फिरत नव्हता.

त्या वर्षी ऑक्टोबरात सखुबाई काविळीनं गेली. दहाव्याला उकाडा असा, की महाराज उपरण्यानं वारा घेत पंधरा मिनिटांत आटोपले. माणसं घामाघूम होऊन आधीच उठायला लागली होती. पिंडाला कावळा काही शिवेना. केरू न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "लेकरू नाय त्या घरात, कावळा तरी कशाला यील?" लोक हसले. हसणाऱ्यांत मीही होतो. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला, तेव्हा शेडमध्ये आम्ही सात-आठ जण उरलो होतो. गोटीराम मान वर करून ते बंद पंखे एकेक करून बघत होता.

तेराव्यानंतर तो माझ्याकडे आला. "काळू, तिच्या नावचा पंखा द्यायचाय मला. पर चालंल असा पायजे. मी मेल्यावर बी चालला पायजे."

"नाना, घाटावर पंखा टिकत नाही."

"टिकंल असा शोधतो. तिचा फोटू नाय, पोर नाय. तिचं नाव घ्यायला कुणी ऱ्हायलं नाय. पंख्यावर लिवलं तर दहाव्याला येणारा वाचंल तरी." मी म्हटलं, आणा, लिहून देतो.

वर्षभर तो पंखा निवडत होता. खोटं वाटेल, पण वर्षभर. आधी त्यानं शिडी लावून घाटावरचे नऊही पंखे उतरवले, पोत्यांत भरले आणि तीन-चार खेपांत नाशिक रोडला नेले. नोटांच्या प्रेसच्या वसाहतीमागे धम्मपाल नावाच्या माणसाचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. या दोघांची ओळख ना पाळख. पण धम्मपालनं हातातलं काम बाजूला ठेवून एकेक पंखा खोलून दाखवला. पुढे गोटीरामनं मला ते इतक्या वेळा सांगितलं की मलाच पाठ झालं. "नाना, पंखा वाऱ्यावरून निवडायचा नाही," धम्मपाल म्हणाला होता. "पहिल्या वर्षी वारा सगळेच देतात. आधीचा कशानं मेला ते बघायचं." एकाचे स्क्रू लोखंडी, त्यांच्या गंजानं पातं खाल्लं होतं. एकाच्या वाइंडिंगला वार्निश नावापुरतं. दोघातिघांची बेअरिंग उघडी, ग्रीस धुऊन गेलेलं. आणि चौघांचा कंडेन्सर वरच्या वाटीत, थेंब पडून पडून फुटलेला.

तिथून पुढे गोटीरामच्या खिशात जुन्या रेडिओतलं लोहचुंबक आलं. फुलं विकून झाली की रविवार कारंजाच्या बाजूला एकेका दुकानात शिरायचं, पंख्याला सगळीकडून लोहचुंबक लावून बघायचं. स्क्रूला चिकटलं की पंखा बाद. दुकानदार वैतागायचे. एकानं विचारलं, "बाबा, पंखा घ्यायचाय की सोयरीक करायचीय?" दुसऱ्यानं दुकानाबाहेरच काढलं. हे सगळं तो न हसता सांगायचा, आणि आम्ही पारावर त्याची नक्कल करायचो. केरू तर गिऱ्हाइकाच्या डोक्याला चिमटा लावून म्हणायचा, "थांब, लोखंडी हायस का बघतो."

शेवटी पंखा मिळाला. ॲल्युमिनियमची पाती, पितळी स्क्रू, झाकणबंद बेअरिंग. धम्मपालनं वाइंडिंगला वार्निशचे आणखी दोन हात दिले. कंडेन्सर वरून काढून खाली बटणाच्या पेटीत घेतला. पत्र्यापासून पंखा खाली यावा म्हणून लांब दांडी घातली. आणि थेंबाचं काय? त्यावर गोटीरामनं सखुबाईची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, परात आणली, मधोमध भोक पाडून घेतलं आणि दांडीवरून छत्रीसारखी पंख्याच्या डोक्यावर बसवली. "आता वरनं भाकरी बी पडतील," केरू म्हणाला. परातीवर पडलेला थेंब कडेनं निघून जायचा. पंख्याच्या अंगावर एकही पडत नव्हता.

वर्षश्राद्धाला पंखा शेडच्या मधल्या हुकावर चढला. मी लाल एनॅमलनं तीन पात्यांवर लिहिलं होतं. पहिल्यावर 'कै.', दुसऱ्यावर 'सखुबाई', तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ'. स्वतःचं नाव त्यानं कुठेच घालू दिलं नाही. रंग पातळ पडला म्हणून दुसरं पातं मात्र माझ्याकडून दोनदा करून घेतलं.

मग त्याचं एक नित्याचं होऊन बसलं. गावात कुणाचाही दहावा असो, हा फुलं घेऊन सगळ्यांआधी हजर. दर अमावस्येला शिडीवर चढून पाती ओल्या फडक्यानं पुसायची, मग कोरड्या, मग तेलाचं बोट फिरवायचं. बटणाच्या पेटीची किल्ली त्याच्याकडेच. पंखा सुरू करण्याआधी तो कुणाला तरी गाठायचा आणि वर बोट दाखवायचा. "चष्मा घरी राह्यला, तेवढं वाचा बरं." चष्मा त्याला नव्हताच. समोरचा वाचायचा, "कैलासवासी सखुबाई यांच्या स्मरणार्थ." गोटीराम मान हलवायचा आणि मगच बटण दाबायचा. तीन पावसाळे गेले आणि पंखा पहिल्या दिवशीसारखा फिरत राहिला.

दोन हजार एकच्या जानेवारीत डोळ्यांच्या शिबिरात त्याचा मोतीबिंदू निघाला आणि तो दहा-बारा दिवस नाशिकला बहिणीकडे राहिला. त्याच दिवसांत भिकाभाऊंचे वडील सावळीराम वारले. भिकाभाऊ म्हणजे घाट कमिटीचे अध्यक्ष, बागाईतदार, ग्रामपंचायत त्यांच्या मुठीत. दहाव्याला आमदार यायचे होते. आदल्या दिवशी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं.

"मधला पंखा चालतो ना?"

"चालतो की. सखुबाईचा आहे."

"त्यावर बाबांचं नाव टाक."

मी म्हटलं, "नवा आणला तर?"

"आईच्या नावचा नवाच आणला हुता. दोन वर्सांत पाती लोंबली, गावानं दात काढले. ह्यो टिकणारा हाय."

"आणि गोटीरामनाना?"

"त्याला वाचता येतं का? आन् त्या बाईचं नाव वाचणारं हाय तरी कोण?"

पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या भिंती रंगवायच्या होत्या. मी नाही म्हटलं नाही. शिडी लावली, थिनरची चिंधी फिरवली, आणि सखुबाई एका चिंधीत निघाली. तिच्या जागी 'सावळीराम' लिहिलं. एकच पातं ताजं दिसू नये म्हणून बाकीच्या दोन पात्यांवरही रंग चढवला. काम नेटकं झालं होतं. आमदारांनी श्रद्धांजलीत पंख्याचा उल्लेख केला, आणि गावातल्या एकानंही तोंड उघडलं नाही.

गोटीराम जाड भिंगांचा चष्मा लावून परतला. मी दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी तोच घरी आला आणि हात जोडून उभा राहिला. "काळू, मी उगाच तुझ्या रंगाला नावं ठेवली. जाळं माझ्याच डोळ्यावर हुतं. काल पंखा पुसला. अक्षर कसं लालभडक दिसतंय आता." इतक्या वर्षांत त्यानं माझ्या कामाला पहिल्यांदा चांगलं म्हटलं. मी म्हटलं, "डॉक्टर चांगला भेटला, नाना."

पुढच्या दहाव्याला त्यानं केरूला गाठलं. आता चष्मा नाकावर होता, म्हणून सबब बदलली होती. "डोळ्याला पाणी येतं, तेवढं वाच बरं." केरू चौथी शिकलेला. त्यानं वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पापणीही न लववता वाचलं, "कैलासवासी सखुबाई यांच्या स्मरणार्थ." गोटीरामनं बटण दाबलं. केरू मागे वळला तेव्हा हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते.

मग गावाला चाळाच लागला. "नाना, आज आमच्याकडून वाचून घेतलं नाय." कुणी प्रवचनाच्या सुरात वाचायचं, कुणी हात जोडून. बायका तोंडाला पदर लावायच्या. पंचायतीच्या निवडणुकीआधी एकदा भिकाभाऊंनी स्वतः वाचलं, डोकीवरची टोपी काढून. ज्या बाईला गावानं बारशात उभं राहू दिलं नाही, तिचं नाव गाव आता एकसुरात घेत होतं, आणि ते लिहिलेलं कुठेच नव्हतं. कुणी बाहेरगावचा पाहुणा गोटीरामच्या तावडीत सापडायला लागला की केरू आधीच धावून वाचून टाकायचा. गोटीराम खुशीत असायचा. "गाव बदललं रे," तो मला म्हणायचा. "तिला आता मान देतं." आणि दर अमावस्येला शिडीवर चढून भिकाभाऊंच्या बापाच्या नावाला तेलाचं बोट लावायचा.

मी हे दर दहाव्याला बघत होतो. पहिल्या वर्षी वाचायची वेळ झाली की मी खाली पायऱ्यांवर निघून जायचो. नंतर सवय झाली.

दोन हजार चारच्या मे महिन्यात प्रेसमधल्या कुणाच्या तरी आईचा दहावा आमच्या घाटावर होता. त्या मंडळींबरोबर धम्मपाल आला. गोटीरामला कोण आनंद झाला. त्यानं हाताला धरून त्याला पंख्याखाली आणलं. "सात वर्सं झाली. येक थेंब नाय, येक डाग नाय. वाचा, तुम्हीच वाचा आज."

केरू गिऱ्हाइकाच्या अर्ध्या डोक्याला साबण लावून बसला होता, त्याला उठता आलं नाही. धम्मपालनं वर बघितलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "नाना, इथे सावळीराम लिहिलंय."

"नीट वाचा."

"सावळीराम. तुमच्या मिसेसचं नाव सखुबाई ना?"

केरूला हसू आवरेना. कुणी म्हणालं, पाव्हण्याचा चष्मा बदला. भिकाभाऊ खुर्चीतून उठले. "बाहेरच्यांनी येऊन गावात काड्या लावू नयेत." मागून कुणीतरी धम्मपालच्या जातीवर जे बोलायचं ते बोललं, आणि त्या बोलणाऱ्याला कुणी अडवलं नाही. धम्मपालनं शेडमधले चेहरे एकेक करून बघितले. माझाही बघितला. "नाना, मला खोटं बोलून काय मिळणार?" एवढंच म्हणून तो जेवायला न थांबता एसटी धरायला निघून गेला.

तासाभरानं गोटीराम माझ्या दुकानात आला. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. खाली बसला.

"समदं गाव येक सांगतंय आन् त्यो येकटा दुसरं," तो म्हणाला. "पर पंखा निवडायच्या टायमाला समदं गाव हसत हुतं, आन् खरं त्यो येकटाच बोलला हुता."

मी ब्रश धूत राहिलो.

"लिवणारा तू. मला येका पुठ्ठ्यावर सखुबाई लिवून दे. मी वर जाऊन लावून बघतो. जुळलं तर जुळलं."

पुठ्ठा त्यानंच उचलून माझ्यापुढे ठेवला. मी लाल डबा उघडला. 'सखुबाई' लिहिलं तर तो शिडीवर चढणार, आणि तिथेच सगळं कळणार. पत्नीचं नाव गेलं, ते तीन वर्षांपूर्वी गेलं, आणि ज्यांनी ज्यांनी वाचून दाखवलं ते सगळे हसत होते. त्या वयाच्या माणसाला हे शिडीवर कळावं? मी स्वतःला सांगितलं, दया म्हणून करतोय. ते खोटं होतं. खाली उतरल्यावर त्यानं पहिलं मलाच विचारलं असतं, आणि मला त्याची भीती वाटत होती.

मी पुठ्ठ्यावर 'सावळीराम' लिहिलं. पंख्यावरचंच वळण, तीच वेलांटी. तो रंग वाळेपर्यंत फुंकर घालत बसला.

घाटावर शिडी मीच धरली. दहाव्याची पांगलेली माणसं परत जमली होती, भिकाभाऊही. त्यानं पुठ्ठा पहिल्या पात्याला लावला आणि नाही म्हणून मान हलवली. पातं हातानं फिरवून दुसऱ्याला लावला. मग एक बोट पुठ्ठ्यावरच्या पहिल्या अक्षरावर आणि एक पात्यावरच्या, असं करत शेवटापर्यंत गेला. पुन्हा पहिल्यापासून गेला. आणि मग तो वरून हसला, दात नसलेलं तोंड भरून.

"ह्येच हाय. धम्मपाल चुकला."

कुणीतरी टाळी वाजवली. भिकाभाऊंनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या हाताची किळस आली आणि त्याहून जास्त माझ्या स्वतःच्या हाताची, पण मी खांदा काढून घेतला नाही.

महिन्याभरानं धम्मपाल पुन्हा आला होता, सरळ गोटीरामच्या घरी. गोटीरामनं त्याला ओट्यावरही बसू दिलं नाही. "माझ्या बायकूच्या नावाला खोटं म्हनला त्यो," असं त्यानं मला नंतर सांगितलं. उभ्या आयुष्यात एक माणूस त्याच्याशी खरं बोलला होता. त्यालाच त्यानं दारातून परत पाठवलं, आणि ते मी लिहिलेल्या पाच अक्षरांच्या भरवशावर.

त्या पावसाळ्यात गोटीराम फारसा बाहेर दिसला नाही. एकदा येऊन लाल रंगाची लहान डबी आणि एक जुना ब्रश मागून घेऊन गेला. सखुबाईच्या श्राद्धाला त्यानं मला जेवायला बोलावलं. मला एकट्यालाच.

दारातून आत गेलो. तो पुठ्ठा काचेच्या फ्रेममध्ये घालून देवाशेजारी टांगलेला, त्याला शेवंतीची माळ. आणि घरभर तेच. भिंतीवर, कणगीवर, माठाच्या पाटावर, चुलीमागच्या काळ्या झालेल्या मातीवरसुद्धा. सावळीराम. सावळीराम. सुरुवातीची अक्षरं कोळशाची, वाकडी, एकमेकांवर चढलेली. नंतरची लाल, हळूहळू सरळ होत गेलेली. दारावरचं शेवटचं तर चांगलं वळणदार होतं.

"चार म्हैने लागले," तो म्हणाला. चष्मा कपाळावर सरकवून, हात पाठीमागे बांधून तो मास्तरांपुढे उभ्या पोरासारखा उभा होता. "जल्मात अक्षर आलं नाय. आता हे येक आलं. आता पंखा ऱ्हावो नायतर जावो, तिचं नाव माझ्या हाताला ठावं झालं. तू जाणता हायस, बघ नीट. कुठं चुकलं असंल तर सांग."

मी दारावरचं बघितलं, भिंतीवरचं बघितलं. वेळ लावून, एकेक.

"कुठेच चुकलं नाही, नाना," मी म्हटलं.

त्यानं पाट मांडला. मी पोटभर जेवूनच आलो.